आंबील ओढा: एक प्रवाह, दोन आठवणी

कात्रजच्या डोंगरउतारावरून निघणारा आंबील ओढा धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल, दत्तवाडी असा वाहत मुठेला मिळतो. लांबी फार नाही, आणि पावसाळा सोडला तर त्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. तरी पुण्यातल्या पर्यावरणाच्या भांडणांत या ओढ्याचं नाव सतत निघतं. काठावरची काही माणसं ‘ओढा मोकळा करा’ म्हणतात, आणि तेच वाक्य ऐकून त्याच काठावरची दुसरी माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहतात. ओढा स्वच्छ असावा हे दोघांनाही हवं आहे. मग एकाला ज्या शब्दांत दिलासा वाटतो, त्यांतच दुसऱ्याला धमकी का ऐकू येते? या प्रकरणात मी त्याचा माग घेतला आहे. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो: ही पर्यावरणाबद्दलची जाण कमी-जास्त असण्याची गोष्ट नाही. ‘स्वच्छता’, ‘सुरक्षितता’, ‘सार्वजनिक हित’ हे शब्द घेऊन याआधी कोण कोणाच्या दारात आलं, याची आठवण प्रत्येक घरात वेगळी आहे.

काय घडलं

घटना तीन आहेत आणि त्या लागोपाठच्या आहेत.

२७ सप्टेंबर २०१८ला मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातल्या घरांत पाणी घुसलं. खडकवासल्यातून येणारा हा कालवा ब्रिटिश काळातला. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं कारण तेव्हा सरकारकडून पुढे आलं. पाऊस नव्हता, ओढ्याला पूर नव्हता, तरी वस्तीतली भांडीकुंडी रस्त्यावर वाहत आली.

पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दक्षिण पुण्यात तुफान पाऊस झाला आणि आंबील ओढा काही तासांत पात्र सोडून वाहू लागला. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पाणी फक्त वस्त्यांत शिरलं असं नाही. पद्मावती-सहकारनगर पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, तळमजल्यावरच्या लोकांनी गच्चीवर रात्र काढली. त्या रात्री ओढ्यानं कोणाची जात किंवा सातबारा पाहिला नाही.

तिसरी घटना २४ जून २०२१ची. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती, पावसाळा सुरू झाला होता. दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठच्या घरांवर सकाळीच जेसीबी आले, सोबत मोठा पोलीस बंदोबस्त. ओढ्याच्या पात्राचं सरळीकरण करायचं आहे, ही घरं पुराच्या धोक्यात आहेत, त्यांचं पुनर्वसन होणार आहे, अशी महापालिकेची बाजू होती. रहिवाशांचं म्हणणं होतं की पुराचं निमित्त पुढे करून जागा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेसाठी मोकळी केली जात आहे. रडणाऱ्या, रॉकेलच्या बाटल्या हातात घेतलेल्या बायकांची दृश्यं राज्यभर दिसली. न्यायालयाची स्थगिती आली, तोवर बरीच घरं पडली होती.

म्हणजे तीन वर्षांत वस्तीनं तीन वेळा घर गमावण्याचा अनुभव घेतला: एकदा कालव्यामुळे, एकदा ओढ्यामुळे आणि एकदा ओढ्याच्या नावानं.

एका बैठकीतला संवाद

पाडापाडीनंतर काही काळानं ओढ्याच्या प्रश्नावर काठावरच्या रहिवाशांच्या बैठका सुरू झाल्या. काही सोसायट्यांतले लोक, काही वस्तीतले, काही आमच्यासारखे ओढ्यानाल्यांवर काम करणारे कार्यकर्ते. यातल्या एका बैठकीत निवृत्त अभियंते असलेले एक गृहस्थ नकाशा पसरून बसले होते. माणूस तळमळीचा, २०१९च्या रात्री त्यांनी स्वतः शेजारच्या वृद्धांना वर चढवलेलं. ते वस्तीतल्या एका बाईंना म्हणाले, “ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. पाणी आलं की आधी तुमच्या घरात शिरतं. तिथून हललेलं बरं.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, पाणी शिरलं तर दोन दिवसांत चिखल काढतो आम्ही. घर पाडलं तर लांब कुठं तरी वरच्या मजल्यावर खोली देणार. माझी चार घरची कामं सहकारनगरात हायेत. तिथून कशी येऊ मी?”

काकांना उत्तर सुचलं नाही. या बाईंना पुराची भीती नव्हती असं नाही. त्यांनी दोन धोके शेजारी ठेवून तोलले होते, आणि मागच्या पिढ्यांच्या अनुभवावरून दुसरा धोका मोठा ठरवला होता. असा हिशेब करणाऱ्या माणसाला ‘जागृती’ची गरज आहे असं मानून आपण पत्रकं छापतो, पथनाट्यं करतो. ती श्रम वाया घालवणारी पद्धत आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ओढ्याच्या उगमाचं पाणी

हा हिशेब कुठून आला ते पाहायचं तर थेट कात्रजला जावं लागतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बंधारे बांधले गेले आणि दगडी भूमिगत नळातून ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. काळा हौद, सदाशिव पेठ हौद ही नावं जुन्या पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. पर्वतीच्या पायथ्याशी ओढा अडवून तळं केलं, त्या जागी आज सारसबाग आहे. त्या काळच्या मानानं ही जलव्यवस्था थक्क करणारी होती, आणि पेठांतल्या जुन्या कुटुंबांना तिचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे.

पण त्या हौदांवर अस्पृश्यांना जागा नव्हती. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६मध्ये लिहून ठेवलं. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा तो जाहीर बंडखोरीचा प्रकार होता. म्हणजे कात्रजच्या पाण्याचं शहराशी नातं जुळून शंभराहून अधिक वर्षं झाली होती, तरी शहरातल्या एका मोठ्या समूहासाठी ते पाणी लांबून पाहण्यापुरतंच होतं. पुढे १९२७मध्ये महाडला चवदार तळ्यावर जे झालं, ते याच प्रश्नाचं पुढचं टोक. आणि १९७०च्या दशकात पुण्याच्या डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर फिरावं लागलं. स्वातंत्र्यानंतर पाव शतक उलटलं तरी गावोगावी पाणवठे वेगळेच होते.

गावगाड्यात महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर. पाणवठाही वेगळा, बहुधा प्रवाहाच्या खालच्या अंगाला. शहरात आल्यावर ही माणसं कुठं राहिली? नाल्याकाठी, कालव्याच्या भरावाखाली, टेकडीच्या उतारावर. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून आलेल्या कुटुंबांना पुण्यात मिळाली ती जागा अशीच, दुसऱ्या कोणाला नको असलेली. आंबील ओढ्याच्या वस्तीत आज केवळ दलित किंवा भटकी कुटुंबं आहेत असं नाही. मराठा, मुस्लिम, ओबीसी घरंही आहेत. तशाच सोसायट्याही एका जातीच्या राहिलेल्या नाहीत. तरी ‘खालच्या अंगाला राहणं’ हा अनुभव वस्तीत पिढीजात आहे, आणि वरून काय सोडलं जातं याकडे लक्ष ठेवायची सवयही.

पर्वती

ओढा ज्या टेकडीला वळसा घालतो ती पर्वती. सकाळी पायऱ्या चढणाऱ्यांची गर्दी, वरून दिसणारं शहर, टेकड्या वाचवण्याच्या सह्यांच्या मोहिमा: पुण्याच्या पर्यावरणप्रेमाचं हे एक घर आहे. ते प्रेम खरं आहे. टेकडीफोडीविरुद्ध इथल्या मध्यमवर्गानं दिलेला लढा नसता तर शहराच्या कित्येक टेकड्या आज दिसल्या नसत्या.

ऑक्टोबर १९२९मध्ये याच पायऱ्यांवर सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढाकारानं अस्पृश्यांनी मंदिरप्रवेश मागितला, एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण तरुण सोबत होते. त्यांच्यावर दगड आले. सत्याग्रह काही महिने चालला, मंदिर उघडलं नाही.

बैठकांना येणाऱ्या सोसायटीतल्या तरुणांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते प्रथमच कळत असतं. वस्तीतल्या कार्यकर्त्यांना मात्र ते पाठ असतं. टेकडी ‘आपली सर्वांची’ आहे असं एकानं म्हटल्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्याचं कारण या फरकात आहे. ज्याच्या आजोबांना पायरीवर दगड लागले, त्याला ती टेकडी मोकळ्या हवेची जागा म्हणून आवडायला हरकत नाही, पण तिच्यावरचा हक्क त्याला कोणी तरी शब्दांत मान्य करावा लागतो.

एका साथीच्या दोन आठवणी

मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा १८९७च्या प्लेगचा वाटतो.

त्या वर्षी साथरोग कायदा आला, वॉल्टर रँडच्या हाताखाली पुण्यात प्लेग समिती नेमली गेली आणि गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या. माजघरात, देवघरात बूट घालून शिरणं, बायकांची तपासणी, सामान बाहेर काढून जाळणं, संशयितांना छावणीत नेणं. हे सगळं आरोग्याच्या नावानं. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. याच काळात लष्कर भागात आणि खडकीत गोऱ्यांसाठी रुंद रस्ते, प्रशस्त बंगले, गर्द झाडी होती आणि खडकवासल्याचं पाणी छावण्यांना मिळत होतं. हवा-पाणी कोणाला चांगलं आणि तपासणी कोणाची, हे कातडीच्या रंगावर ठरत होतं. पेठांतल्या लोकांनी यातला वंशभेद अचूक ओळखला. साथ आटोक्यात आणणं गरजेचंच होतं, तरी ज्या रीतीनं ते केलं गेलं त्या रीतीला त्यांनी अपमान म्हटलं, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ही आठवण जुन्या घरांत जिवंत आहे.

त्याच साथीची दुसरी आठवणही पुण्यातच आहे. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथं आणलं, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या.

पेठांत रँड आठवतो, वस्तीत सावित्रीबाई. एका आठवणीत स्वच्छता म्हणजे घरात घुसणारी परकी सत्ता, दुसरीत ती आजाऱ्याला पाठीवर घेणारं माणूस. म्हणून मी सोसायट्यांच्या बैठकीत आवर्जून रँडबद्दल बोलतो. आरोग्याचं कारण सांगत कोणी पोलीस घेऊन दारात आलं की कसं वाटतं, हे या शहरातल्या सुशिक्षित घरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. ते त्यांच्या पणजोबांनी भोगलेलं आहे. २४ जूनच्या सकाळकडे त्या ओळखीच्या नजरेनं पाहता येतं, आणि जे तसं पाहतात त्यांची भाषा बदलते, हे मी अनुभवलं आहे.

पूरग्रस्त आणि अतिक्रमणवाले

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर शासनानं पूरग्रस्तांसाठी जमिनी दिल्या, सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. सहकारनगर आणि पर्वतीच्या परिसरातल्या कित्येक वसाहतींचा जन्म तिथला. कोणाला भूखंड मिळाले, कोणाला निसन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल तात्पुरत्या घरांत, दिवस काढावे लागले. पण त्या सगळ्यांना एक ओळख मिळाली: पूरग्रस्त. तिच्यासोबत कागद आले, मुदतीचा भाडेपट्टा आला, पुढे नातवंडांना कर्ज मिळण्याजोगं घर आलं.

साठ वर्षांनी त्याच परिसरात पुरानं घर गेलेल्या माणसाची ओळख मात्र ‘अतिक्रमण’ अशी झाली. त्याच्याकडे शिधापत्रिका असते, वीजबिल असतं, एखाद्याकडे झोपडीधारकाला मिळणारा फोटोपास असतो. जमिनीचा कागद नसतो. तो नसण्यामागे नुसती गरिबी नाही. गावात ज्याच्या पूर्वजांना जमीन बाळगण्याची संधीच तुटपुंजी होती, तो शहरात कागद कुठून आणणार? मला २०१९च्या पुरातल्या सोसायटीवाल्यांना कमी लेखायचं नाही. त्यांचं नुकसान खरं होतं. पण त्यांच्या भिंती ओढ्याच्या पात्रात आलेल्या असल्या तरी तिथं जेसीबी आधी जात नाही. नोटीस जाते, उत्तराला मुदत मिळते, वकील उभा राहतो.

फुल्यांचं ओढ्याबद्दलचं म्हणणं

पर्यावरण हा खाऊन-पिऊन सुखी माणसाचा विषय आहे, असं वस्तीतले काही तरुणही म्हणतात. ते ऐकलं की मी त्यांना ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचायला देतो. १८८३च्या या पुस्तकात फुल्यांनी जंगल खात्यावर कडाडून टीका केली आहे: डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी, गायरानं सगळी सरकारनं घशात घातली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना रानाचा वारा खायलाही जागा उरली नाही. त्याच पुस्तकात उपायही आहेत. ठिकठिकाणी तालीवजा बंधारे असे घालावेत की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्यानाल्याला मिळेल.

आज पाणलोट विकासात सांगतात ते हेच, आणि आंबील ओढ्याला आज नेमकी याचीच गरज आहे. कात्रजचा उतार काँक्रीटखाली गेला, मुरणारं पाणी आता सगळं धावतं. वरच्या अंगाला मोऱ्या अरुंद, पात्रात राडारोडा, दोन्हीकडून सीमाभिंती. एवढं तसंच ठेवून खालच्या वळणावरची घरं काढून पात्र सरळ केलं तर पाणी पुढच्या पुलावर अधिक वेगानं आदळेल, इतकंच.

फुल्यांनी १८७३चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. वर्ण आणि वंश यांची तुलना पुण्यात तेव्हापासून होते आहे, म्हणून तिकडचा दाखला इथं परका वाटू नये. व्हर्जिनियातल्या शेनांडोह राष्ट्रीय उद्यानात काळ्या लोकांसाठी लुईस माउंटन ही वेगळी जागा राखून ठेवली होती. बाकीचं रान गोऱ्यांचं. पुढे काळे लोक उद्यानांत कमी दिसतात तेव्हा त्यांना निसर्गाची आवड नाही, असं सर्रास मानलं गेलं. १९८२मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत, जिथं काळ्यांची वस्ती जास्त, तिथं पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनानं दूषित माती पुरायचं ठरलं. लोक ट्रकांसमोर आडवे झोपले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती तिथंच पुरली गेली, पण पर्यावरणीय न्यायाची चळवळ तिथून पुढे सरकली. काळ्यांना निसर्गाची आवड नव्हती असं नाही. ती शोधणारा चुकीच्या जागी शोधत होता.

पुढे काय केलं

आमच्या गटात यावर बरेच वाद झाले आणि शेवटी बैठकीचा क्रम बदलला. आधी ओढा आणि मग घरं, याऐवजी पहिला विषय घरांचा. पुनर्वसन लागलंच तर ते याच परिसरात, लेखी, आणि ताबा मिळेपर्यंत जुनं घर पाडायचं नाही, हे सोसायट्यांच्या प्रतिनिधींनीही मागावं असा आग्रह धरला. काहींनी तो मानला. काहींना वाटलं की यानं अतिक्रमणाला मान्यता मिळते. ते बैठकांना यायचे थांबले.

क्रम बदलल्यावर वस्तीतून जी माहिती आली ती कोणत्याही नकाशात नव्हती. कोणत्या पुलाखाली गादी-फर्निचर अडकून पाणी तुंबतं, कोणतं चेंबर आधी उसळतं, वरून मैलापाणी कोणत्या वेळेला येतं, २०१९ला पाणी कोणत्या घराच्या कोणत्या फळीपर्यंत होतं. बायकांनी ते एकेक करून सांगितलं आणि निवृत्त अभियंते काका ते नकाशावर उतरवत गेले. आम्ही सगळे मिळून कात्रजकडून खाली चालत आलो तेव्हा अडथळ्यांची यादी वरून सुरू झाली: भराव, अरुंद मोऱ्या, पात्रात सरकलेल्या सीमाभिंती आणि त्यानंतर वस्ती.

या यादीवर सगळ्यांच्या सह्या झालेल्या नाहीत. सीमाभिंतींच्या कलमावर सोसायट्यांचं अडतं. भिंत मागे घेतली तर पार्किंग जातं आणि मूळ मंजूर नकाशा दाखवावा लागतो. वस्तीतल्या लोकांनी एक अट घातली आहे: मोजणी होईल तेव्हा ती दोन्ही काठांची एकाच दिवशी, एकाच फितीनं व्हावी, आणि मोजणाऱ्यांसोबत त्यांचा माणूस असावा. काकांनी हे कलम आपल्या हातानं लिहून यादीत पहिल्या क्रमांकावर घातलं आहे. आता ते आपल्याच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडायचं आहे.